निवासी संस्थेचं व्यवस्थापन शिकायचंय? काळजीच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेली मुलं-मुली, नर्सिंग केलेल्या ताई, कधी कधी शाळेतून किंवा बँकेतून निवृत्त झालेले लोक मला एकच प्रश्न विचारतात. बालगृहात, वृद्धाश्रमात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात नोकरी लागेल, पण पुढे काय? कार्यकर्त्याचा अधीक्षक कसा होतो, आणि अधीक्षक अख्खी संस्था सांभाळायला कधी लायक होतो? हे समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. मग चांगली माणसं चार-पाच वर्षांत कंटाळून क्षेत्र सोडतात आणि संस्थेची सूत्रं अशा कुणाच्या हाती जातात ज्याने आयुष्यात एक रात्रपाळी केलेली नसते.

माझं मत आधीच सांगते. निवासी संस्थेत काळजी घेणं आणि व्यवस्थापन करणं ही दोन वेगळी कामं नाहीत. रात्री अडीच वाजता आजींना संडासला न्यायला कुणी जागं असेल का, हे मावशींच्या मायेवर जितकं ठरतं त्याहून जास्त ड्युटी चार्ट कसा लावलाय यावर ठरतं. मुलाची तक्रार बाहेर पोहोचते की आतच विरते, हे तक्रारपेटीची चावी कुणाकडे आहे यावर ठरतं. म्हणून पुढे हिशेब, रजिस्टर आणि कायदा यांबद्दल बरंच लिहिलंय. ते कारकुनी काम समजून वगळू नका.

पहिली पायरी: क्षेत्र निवडा आणि काही वर्षं तिथेच राहा

महाराष्ट्रात निवासी संस्थांचे साधारण चार मोठे गट आहेत आणि प्रत्येकाचं खातं आणि कायदा वेगळा आहे. बालगृह, निरीक्षणगृह, शिशुगृह या संस्था महिला व बाल विकास विभागाकडे, बाल न्याय अधिनियम २०१५ खाली. अडचणीतल्या स्त्रियांसाठी पूर्वी स्वाधारगृहं होती, ती आता केंद्राच्या मिशन शक्ती योजनेत शक्ती सदन झाली आहेत. तीही याच विभागाकडे. वृद्धाश्रमांचा संबंध सामाजिक न्याय विभागाशी आणि आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याशी. दिव्यांगांच्या निवासी संस्था आणि शाळा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठी राज्याने २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. व्यसनमुक्ती आणि मानसिक आजारांची केंद्रं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली येतात, कारण दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही त्या कायद्याच्या व्याख्येत धरल्या आहेत.

नवीन माणसाने कुठे सुरुवात करावी? माझा कल बालगृहाकडे आहे. तिथे नियम सर्वांत काटेकोर, तपासण्या सर्वांत जास्त आणि कागद भरपूर. दोन-तीन वर्षं तिथे नीट काम केलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही संस्थेचं दप्तर जड वाटत नाही. वृद्धाश्रमात आरोग्य आणि पैसा लवकर शिकायला मिळतो, कारण बरेच वृद्धाश्रम राहणाऱ्यांच्या मासिक शुल्कावर चालतात आणि खर्च वाढला की तो लगेच डोळ्यांत येतो. व्यसनमुक्तीत माणसं हाताळायला शिकता. पुण्याच्या मुक्तांगणाने १९८६पासून बऱ्या झालेल्या रुग्णमित्रांना कामात सामील करून घेण्याची पद्धत रुजवली. तशा संस्थेत काम केलं तर समुपदेशनाबरोबर टीम बांधणंही कळतं.

एक मात्र करू नका: दर वर्षाला क्षेत्र बदलणं. आज मुलं, उद्या ज्येष्ठ, परवा एचआयव्ही प्रकल्प असं केलं तर अर्ज भरगच्च दिसतो, पण एकाही कायद्यावर पकड बसत नाही.

दुसरी पायरी: शिक्षण, पण डोळसपणे

एमएसडब्ल्यू हा सरळ मार्ग. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ची, निर्मला निकेतन १९५५चं, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ची. टाटा संस्थेचं तुळजापूरला ग्रामीण आवार आहे आणि नागपूरलाही समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत. नाव मोठं असलं की दार लवकर उघडतं हे खरं, पण अभ्यासक्रमातलं क्षेत्रकार्य कुठे केलं याला मी जास्त महत्त्व देते. ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे सलग काही आठवड्यांच्या क्षेत्रकार्याला, सर्वेक्षणाचा प्रकल्प न घेता निवासी संस्था मागून घ्या, आणि तिथे मुक्कामी राहायची परवानगी मिळते का ते विचारा. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे.

एमएसडब्ल्यू नसेल तर? एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या बहिणी वृद्धाश्रमाच्या उत्तम व्यवस्थापक होतात. मी अशा कितीतरी पाहिल्या आहेत. त्यांना फक्त हिशेब आणि पत्रव्यवहार शिकावा लागतो. समाजकार्यवाल्यांना त्याच्या उलट, औषधाचा चार्ट, मधुमेहाचं पथ्य आणि बेडसोर कसा टाळायचा हे शिकावं लागतं. दोघांनीही टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एक छोटा कोर्स करावा. ताळेबंद वाचता न येणाऱ्या अधीक्षकाला विश्वस्त मंडळाच्या बैठकीत कुणी फार वेळ ऐकून घेत नाही.

सरकारी वाट वेगळी. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, समाजकल्याण अधिकारी अशी पदं एमपीएससीतून भरतात. ती तयारी करणाऱ्यांनीही मधल्या वर्षांत एखाद्या संस्थेत काम केलेलं बरं. पुढे तपासणीला जाल तेव्हा कुठलं रजिस्टर आदल्या रात्री एकाच पेनाने भरलंय हे ओळखता येईल.

तिसरी पायरी: पहिली दोन वर्षं जमिनीवर

पद कोणतंही मिळो, केस वर्कर, समुपदेशक किंवा सहायक अधीक्षक, या काळात तीन गोष्टी स्वतःच्या हाताने करा. रात्रपाळी, केस फाईल आणि कोठीचा स्टॉक.

रात्रपाळी यासाठी की संस्थेचं खरं रूप रात्री दिसतं. कुठलं मूल झोपेत दचकतं, कुठले आजोबा पहाटे चारला उठून गेटपाशी जातात, कुठल्या काका-मावशींचा आवाज साहेब गेल्यावर चढतो, हे दिवसा कळत नाही.

केस फाईल म्हणजे त्या माणसाची संस्थेतली स्मृती. बालगृहात प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा असतो, नियमांतला नमुना ७. बऱ्याच ठिकाणी सगळ्या मुलांचे आराखडे एकाच साच्यातले दिसतात: शिक्षण सुरू, आरोग्य चांगलं, वर्तन समाधानकारक. मुलाने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला असा आराखडा काहीही कामाचा नाही. या मुलाची आजी हयात आहे का, ती शेवटची कधी भेटली, तिला प्रवासखर्च परवडत नाही म्हणून ती येत नाही का, प्रायोजकत्व योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळाले तर ती त्याला घरी ठेवू शकेल का, हे त्यात यायला हवं. ही योजना केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण कार्यक्रमात आहेच. मूल घरी परत जाऊ शकत असेल तर त्याला संस्थेत ठेवून घेणं हे संस्थेचं यश नसतं.

रोजची नोंद लिहायचीही एक सवय लावून घ्यावी लागते. "आजोबा आज चिडचिड करत होते" असं लिहिलं तर सकाळच्या पाळीला काहीच कळत नाही. "रात्री ८ला जेवण नाकारलं. मुलगा आला का असं दोनदा विचारलं. साडेनऊला अर्धी वाटी दूधपोळी घेतली. रक्तदाब १६०/९०, सिस्टरना फोन केला" असं लिहिलं तर सकाळी येणाऱ्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते समजतं. काय पाहिलं, किती वाजता, काय केलं, कुणाला कळवलं. स्वतःचं मत लिहायचं झालं तर ते मत आहे असं स्पष्ट लिहा.

कोठीचं काम कुणाला नको असतं. तरी एक महिना धान्य, तेल, साबण, डायपर यांची आवक-जावक स्वतः लिहा. माणशी खर्चाचा अंदाज तिथूनच येतो.

चौथी पायरी: आपल्या कायद्यातली ही कलमं पाठ हवीत

वकील व्हायची गरज नाही. पण पोलीस, पालक किंवा विश्वस्त समोर उभे असताना फाईल शोधायला वेळ नसतो.

मुलांच्या संस्थेत: बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ची नोंदणी, जी ५ वर्षांनी नूतनीकरणाला येते. नोंदणीशिवाय संस्था चालवणं हा कलम ४२ खाली गुन्हा आहे. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि ४ सदस्य असतात. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं नाव, फोटो, शाळा काहीही प्रसिद्ध करायचं नाही. देणगीदार वाढदिवसाला केक घेऊन येतात आणि मुलांसोबतचा फोटो फेसबुकवर टाकतात तेव्हा नेमकं हेच कलम मोडलं जातं. त्यांना गेटपाशीच, हसून पण ठामपणे सांगणं तुमचं काम आहे. कलम ७५ प्रमाणे संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणा केला तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पॉक्सोबद्दल, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याबद्दल, पुढे वेगळं लिहिते.

वृद्धाश्रमात: ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० पूर्ण. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. सांभाळायच्या अटीवर घर मुलांच्या नावे केलं आणि मुलांनी हात वर केले तर कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. आश्रमात येणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. प्रवेशाच्या वेळी शांतपणे सांगा, दबाव आणू नका. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.

व्यसनमुक्ती केंद्रात: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी, रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, आणि कुणालाही साखळीने बांधायला असलेली पूर्ण बंदी. "घरच्यांनीच सांगितलं होतं बांधा म्हणून" हा बचाव चालत नाही.

सगळ्यांसाठी: १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रारीची मुदत ३ महिने. छोट्या संस्थांमध्ये ही समिती फक्त फलकावर असते. रात्री एकट्या ड्युटी करणाऱ्या मावशींना त्या समितीतल्या बाईंचा फोन नंबर ठाऊक आहे का, एवढं एकदा विचारून पाहा.

पाचवी पायरी: ड्युटी चार्ट

इथे थोडं थांबते, कारण माझ्या अनुभवात नवीन अधीक्षक सर्वांत जास्त इथेच कमी पडतात आणि त्यांना हे कुणी शिकवलेलंही नसतं.

एका जागी चोवीस तास, आठवडाभर एक माणूस हवा असेल तर आठवड्याचे १६८ तास भरायचे असतात. एका कर्मचाऱ्याचे ४८ तास धरले तर १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन माणसं. त्यात रजा, आजारपण, सणवार धरले की चार. म्हणजे "गेटवर एक वॉचमन आहे" असं म्हणणाऱ्या संस्थेत वॉचमनच्या पगाराच्या यादीत एकच नाव असेल, तर दिवसाचे बरेच तास गेट मोकळं असतं किंवा तो माणूस तिथेच राहतो आणि कधीच पूर्ण झोपत नाही.

आता ४० जणांचा वृद्धाश्रम घ्या. समजा सकाळी ३ काळजीवाहक, दुपारी ३, रात्री २ हवेत. दिवसाच्या ८ ड्युट्या, आठवड्याच्या ५६. प्रत्येकी ६ ड्युट्या आणि १ सुट्टी धरली तर ५६ भागिले ६, म्हणजे साधारण सव्वानऊ माणसं. प्रत्येक जण दहातला एक दिवस रजेवर असतो असं धरलं तर ११ लागतात. बहुतेक संस्था ८ नेमतात. उरलेल्या ड्युट्या डबल करून भरल्या जातात. सकाळची ड्युटी संपवून रात्री पुन्हा उभ्या राहिलेल्या मावशींनी पहाटे तीनला बेल ऐकली नाही तर तो त्यांचा दोष कसा म्हणायचा? ती चूक तीन माणसं कमी नेमली त्याच दिवशी झालेली असते.

चार्ट लावताना काही गोष्टी पाळा. रात्री एकटा माणूस कधीही ठेवू नका. पडलेल्या आजोबांना एकट्याने उचलता येत नाही आणि मुलांच्या संस्थेत एकटा प्रौढ असणं मुलांसाठीही धोक्याचं आहे. सलग रात्रपाळ्यांनंतर सुट्टी द्या. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असू द्या आणि चार्ज तोंडी देऊन वहीत सही घ्या. नव्या माणसाला जुन्याबरोबरच लावा. गणपती, दिवाळी, लग्नसराई, गावची जत्रा यांच्या तारखा कॅलेंडरवर आधी मांडा, रजेचे अर्ज महिनाभर आधी मागा, आणि मागच्या दिवाळीला कुणी काम केलं ते लिहून ठेवा म्हणजे यंदा त्यांना सुट्टी देता येईल. चार्ट भिंतीवर लावा. तो फोनमध्येच असेल तर आवडीच्या माणसाला सोपी पाळी दिल्याचा संशय येतोच, आणि कित्येकदा तो खरा असतो.

महिन्याच्या शेवटी दोन आकडे काढा: किती डबल ड्युट्या झाल्या आणि किती रात्री एकच माणूस होता. हे दोन आकडे घेऊन विश्वस्तांकडे गेलात तर नवी माणसं मागताना विनवण्या कराव्या लागत नाहीत.

सहावी पायरी: पैसा

वरच्या ११ जणांचा सगळा मिळून खर्च माणशी १६,००० धरला तर महिन्याला १,७६,००० होतात, म्हणजे राहणाऱ्या प्रत्येकामागे ४,४०० रुपये फक्त काळजीवाहकांसाठी. जेवण, सिस्टर, डॉक्टरांची भेट, औषधं, वीज, डायपर, दुरुस्ती हा खर्च त्याशिवाय वेगळा. ही आकडेमोड तुमच्या संस्थेच्या खऱ्या आकड्यांनी करा आणि तोंडपाठ ठेवा. "तुमच्याकडे एका माणसाचा महिन्याचा खर्च किती?" हा प्रश्न प्रत्येक देणगीदार विचारतो, आणि उत्तर देताना अडखळणाऱ्या व्यवस्थापकावर विश्वास बसत नाही.

आपल्याकडे देणगी बहुतेक अन्नाच्या रूपात येते. वाढदिवसाला गोडाचं जेवण, पितृपक्षात रोज कुणाचं तरी अन्नदान, दिवाळीला फराळाचे डबे. मधुमेही आजी-आजोबांनी भरलेल्या घरात पंधरा दिवस सलग जिलबी येते आणि त्याच महिन्यात हातमोजे संपतात. देणगीदाराचा भाव खरा असतो, त्याला फक्त योग्य दिशा द्यायची असते. एक साधा तक्ता करा: एका रात्रपाळीचा खर्च इतका, एका महिन्याचे डायपर इतके, एका मुलाच्या चष्म्याचे इतके. वडिलांच्या स्मरणार्थ एक रात्रपाळी द्या असं सांगितलं की लोक देतात. रोख घेताना लक्षात ठेवा, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची करसवलत मिळत नाही. हे दात्याला आधीच सांगितलं म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

सीएसआर निधी कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ मधून येतो: ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. त्यासाठी तुमच्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या अर्जाने नोंदणी हवी. बोलणी करताना एक गैरसमज वारंवार समोर येतो. कंपनीचे लोक म्हणतात, प्रशासनाला ५ टक्क्यांवर देता येत नाही, म्हणून पगार बसत नाहीत. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवणाऱ्या काळजीवाहकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. हे नम्रपणे, कागद पुढे ठेवून समजावता आलं पाहिजे. परदेशी निधी असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

सरकारी अनुदान उशिरा येतं, हे गृहीत धरूनच चाला. निदान तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय नवा विभाग सुरू करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

सातवी पायरी: माणसं निवडणं आणि टिकवणं

मुलाखतीत "समाजसेवेची आवड आहे का" हे विचारून काही कळत नाही. एक दिवस काम करायला बोलवा, त्याचे पैसे द्या, आणि जेवण भरवताना ती व्यक्ती समोरच्याकडे बघते की भिंतीवरच्या टीव्हीकडे, एवढंच पाहा. पोलीस पडताळणी आणि मागच्या संस्थेला फोन, हे दोन्ही झाल्याशिवाय कुणालाही मुलांमध्ये पाठवू नका. शिफारस विश्वस्तांची असली तरीही.

मावशी-काकांचा पगार कमी असतो, हे या क्षेत्राचं दुखणं आहे आणि एकटा व्यवस्थापक ते दूर करू शकत नाही. पण पगार ठरलेल्या तारखेला होणं, किमान वेतनाखाली कुणी नसणं, भविष्यनिर्वाह निधी भरला जाणं, आठवड्याची सुट्टी खरोखर मिळणं, ही तुमच्या हातातली गोष्ट आहे. एखाद्या आजी गेल्या की ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं आंघोळ घातली त्या मावशींना अंत्यविधीला जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी अर्धा तास त्यांच्याशी बोला. याचं बजेट लागत नाही.

आठवी पायरी: वाईट दिवसाची तयारी

असा दिवस येणारच. तो आला की डोकं चालत नाही, म्हणून क्रम आधीच लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावा.

मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, किंवा तुम्हाला तसा रास्त संशय आला, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी आपण आत चौकशी करू", "आधी विश्वस्तांना विचारू", हे दोन्ही चुकीचं. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, कपडे धुवायला टाकू देऊ नका, आरोप असलेल्या व्यक्तीला त्याच क्षणी मुलांपासून दूर करा आणि मुलाजवळ त्याच्या विश्वासातली एक व्यक्ती बसवा. बाल कल्याण समितीलाही कळवा.

मूल निघून गेलं तर परिसरात शोध सुरू असतानाच पोलिसांत तक्रार द्या. संध्याकाळपर्यंत येईल म्हणून थांबू नका. मग समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, नातेवाईक. मूल परत आलं की पहिला प्रश्न "का गेलास" असा दरडावून नको. आधी जेवण, मग डॉक्टर, मग शांतपणे बोलणं. पळून जाण्यामागे बहुतेक वेळा आतलं काहीतरी असतं.

वृद्धाश्रमात मृत्यू झाला तर डॉक्टर, नातेवाईक, आणि मृत्यू संशयास्पद असेल किंवा डॉक्टर दाखला देऊ शकत नसतील तर पोलीस. नोंद २१ दिवसांत. नातेवाईक कुणाला बोलवायचं, विधी कसे हवेत, देहदानाची इच्छा आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच हळुवारपणे विचारून फाईलमध्ये ठेवलेलं असलं म्हणजे त्या रात्री धावपळ होत नाही.

प्रत्येक घटनेनंतर त्याच दिवशी वेळेनुसार टिपण लिहा, सही करा आणि नंतर त्यात खाडाखोड करू नका.

नववी पायरी: विश्वस्त आणि तपासणी

महाराष्ट्रातल्या जुन्या संस्था एकेका ध्येयवेड्या माणसाने उभ्या केल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, कमलाताई होस्पेटांनी १९२१मध्ये नागपुरात मातृसेवा संघ, बाबा आमट्यांनी १९४९मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन. नंतरच्या पिढ्यांतही असे संस्थापक झाले, आणि त्यांच्यातले अनेक आता थकले आहेत किंवा राहिले नाहीत. त्यांच्या जागी शिकलेल्या, पगारी व्यवस्थापकाची गरज आहे. संस्थापकाला मात्र संस्था स्वतःच्या लेकरासारखी वाटते. तुम्ही सुचवलेला बदल त्यांना टीका वाटू शकतो. त्यांनी काय उभं केलं याचा मान ठेवा, आणि आकडे समोर ठेवून बोला. दरमहा एका पानाचा अहवाल द्या: राहणारे किती, आले-गेले किती, दवाखान्यात किती, रिकाम्या जागा, डबल ड्युट्या, घटना, आणि बँकेतली शिल्लक किती महिने पुरेल. तोंडी दिलेल्या सूचना त्याच दिवशी मेसेजने किंवा पत्राने परत पाठवून "असं ठरलं आहे" म्हणून नोंदवा.

तक्रारपेटीबद्दल वर लिहिलं होतं. बालगृहात ती ऑफिसपासून लांब, मुलांचा हात पोहोचेल अशी हवी आणि चावी अधीक्षकाकडे नसावी. ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते आणि पेटी दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची असते. तपासणीचं पथक आलं की त्यांना पेटी, स्वयंपाकघर आणि संडास आधी दाखवा, फाईली नंतर.

दहावी पायरी: पुढची नोकरी

अधीक्षकाचं पद घेण्याआधी पगाराबरोबर हेही विचारा: राहणं सक्तीचं आहे का, आठवड्याची सुट्टी कोण भरून काढतं, खर्चाचे अधिकार किती रकमेपर्यंत, कर्मचारी नेमण्याचा आणि काढण्याचा शब्द कुणाचा, मागचा अधीक्षक का गेला. शक्य असेल तर त्या मागच्या अधीक्षकाशी बोला.

इंग्लंडला जाऊन केअर होम मॅनेजर व्हायचं स्वप्न दाखवणारे एजंट सध्या पुण्या-नाशकातही आहेत. तिथे व्यवस्थापकाची केअर क्वालिटी कमिशन या देखरेख यंत्रणेकडे व्यक्तिशः नोंदणी लागते आणि प्रौढांच्या काळजी-सेवेतला लेव्हल ५चा डिप्लोमा अपेक्षित असतो. शिवाय २२ जुलै २०२५पासून केअर वर्कर म्हणून परदेशातून नव्याने भरती बंद आहे. त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

नव्या संस्थेत रुजू होताना चार्ज लेखी घ्या, आणि सोडताना लेखीच द्या. त्या यादीत राहणाऱ्यांची प्रत्यक्ष मोजणी, प्रत्येकाच्या मौल्यवान वस्तू आणि बँक पासबुकं, औषधांचा साठा, रोख शिल्लक, चालू कोर्टकेसेस, नोंदणी आणि ८०जीच्या मुदती, अपुरी विनियोग प्रमाणपत्रं (अनुदान कशावर खर्च झालं याचे दाखले), सगळ्या किल्ल्या आणि ईमेलचे पासवर्ड येतात. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज दाखल झालाय का तेही पाहा. मोजणी करताना प्रत्येक राहणाऱ्याला भेटा, तुम्ही येताय किंवा जाताय हे त्यांना स्वतः सांगा, आणि मगच यादीवर सही करा.